पॅनिक अटॅकमध्ये श्वास कसा घ्यावा?

पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा झटका, आलेल्या माणसाला आजूबाजूचे लोक हमखास "मोठा श्वास घे" असे सांगतात. सल्ला मायेचा असला, तरी त्याने बऱ्याचदा त्रास वाढतो, कारण त्या क्षणी ऑक्सिजन कमी पडलेला नसतो. भीतीमुळे श्वास गरजेपेक्षा जास्त घेतला गेला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्ताची अल्कता वाढते (म्हणजे आम्लता कमी होते) आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. म्हणूनच गरगरते, ओठांभोवती मुंग्या येतात, क्वचित हाताची बोटे आखडतात आणि हवा भरपूर मिळत असूनही जीव गुदमरतो. या लक्षणांवरून "आता मी मरणार" असे वाटले की भीती वाढते आणि श्वासाचा वेगही वाढतो.

झटका आल्यास प्रथम बसावे, खांदे सैल सोडावेत, एक हात छातीवर आणि दुसरा बेंबीच्या वर ठेवावा. तोंड मिटून, मनात चार अंक मोजेपर्यंत नाकाने हलका श्वास घ्यावा आणि सहा मोजेपर्यंत तो सोडावा. चार-सहा जमत नसेल, तर तीन-चारपासून सुरुवात करावी. पोटावरचा हात हलला पाहिजे, छातीवरचा जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. सुरुवातीला हवा अपुरी वाटते आणि मोठा उसासा टाकावासा वाटतो. नेमका तोच टाळावा, कारण कार्बन डायऑक्साइड पूर्ववत व्हायला काही मिनिटे लागतात. हा सराव एरवी, मन शांत असताना रोज करावा. ऐन झटक्यात नवे काही शिकता येत नाही.

कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय मात्र करू नये. त्रास दम्याचा किंवा हृदयविकाराचा असेल, तर तो जिवावर बेतू शकतो. असा त्रास पहिल्यांदाच होत असेल, किंवा छातीत दुखून घाम फुटत असेल, तर श्वास मोजत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

झटके वारंवार येत असतील, तर केवळ श्वासावर विसंबणे मला पुरेसे वाटत नाही. बोधात्मक वर्तनोपचारात (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या मानसोपचारात, म्हणजे सीबीटीत) तज्ज्ञ कधीकधी रुग्णाला मुद्दाम जलद श्वास घ्यायला लावतात, म्हणजे तीच चक्कर, त्याच मुंग्या येतात, ओसरतात आणि त्यांची धास्ती कमी होते. हा प्रयोग घरी एकट्याने करू नये. मानसोपचारतज्ज्ञ जवळपास नसल्यास सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.