स्टॉकहोममधील नोकरी आणि दुपारचे जेवण

नोकरीनिमित्त स्टॉकहोमला येणारा मराठी माणूस पहिल्याच आठवड्यात भारतीय उपाहारगृहाचा पत्ता विचारतो. तो पत्ता सहज मिळतो, कारण शहरात अशी उपाहारगृहे पुष्कळ आहेत. परंतु कुठे जेवावे याआधी केव्हा जेवावे हे ठरवणे या शहरात अधिक महत्त्वाचे आहे. संध्याकाळी ज्या ठिकाणी एका पदार्थाला 200 ते 300 क्रोना (स्वीडनचे चलन) पडतात, त्याच ठिकाणी सोमवार ते शुक्रवार दुपारी साधारण 120 ते 150 क्रोनांत पोटभर जेवण मिळते. या दुपारच्या ठरावीक जेवणाला ‘दागेन्स लुंच’ म्हणतात आणि त्यात मुख्य पदार्थासोबत बहुधा सॅलड, ब्रेड-लोणी, पाणी व शेवटी कॉफी हे सारे आलेच. पदार्थ दोन-चारच असतात, वाढून आपणच घ्यायचे असते आणि जेवण झाल्यावर ट्रेही आपणच जागेवर नेऊन ठेवायचा असतो, त्यामुळे हा दर मालकाला परवडतो. सॅलडची जागा मात्र उरकून टाकण्याची नव्हे. उसळीसारखी भिजवून शिजवलेली कडधान्ये, किसलेले गाजर, कोबी आणि बिया असा ऐवज तिथे असतो आणि शाकाहारी माणसाचे अर्धे जेवण तिथेच होते.

पाटीवर अकरा ते दोन अशी वेळ लिहिलेली असली, तरी स्वीडिश सहकारी साडेअकरालाच उठतात. आपल्या सवयीप्रमाणे दीड वाजता गेल्यास जेवण मिळते, पण त्या दिवशीचा चांगला पदार्थ संपलेला असतो. कोणत्या भागात काय शिजणार आहे, हे ‘क्वार्टर्समेनीन’ या संकेतस्थळावर आठवड्याच्या सुरुवातीला पाहता येते. मराठी मंडळींपैकी अनेकांची कार्यालये ज्या शिस्ता भागात आहेत, तिथे एरिक्सनसारख्या दूरसंचार कंपन्यांमुळे दुपारी रांगा लागतात आणि काही ठिकाणी दहा जेवणांचे कूपन पुस्तकही स्वस्तात मिळते.

गुरुवारी बहुतेक स्वीडिश खाणावळींत पिवळ्या वाटाण्याचे दाट सूप आणि त्यानंतर जॅम व फेटलेल्या सायीसह पातळ पॅनकेक असा बेत असतो. नाव वाटाण्याचे असले तरी पारंपरिक सुपात डुकराचे मांस घातलेले असते, हे शाकाहारी वाचकांनी पक्के ध्यानात ठेवावे. ‘फ्लेस्क’ आणि ‘शिंका’ हे दोन शब्द डुकराच्या मांसाचे, ‘नोत’ गाईबैलाच्या मांसाचा आणि ‘शिकलिंग’ कोंबडीचा, एवढे आल्यावर पाटी वाचता येऊ लागते. मनात शंका असल्यास सरळ विचारावे. इंग्रजीत विचारले तरी कोणी नाक मुरडत नाही.

माझी स्वतःची सर्वांत आवडती जागा म्हणजे ह्योतोर्येत चौकाखालच्या तळघरातल्या बाजारातील ‘कायसास फिस्क’. येथील माशाचे सूप मोठ्या वाडग्यात येते. लालसर रश्श्यात माशांचे तुकडे, वर एओलीचा, म्हणजे लसूण घातलेल्या मेयोनेजचा, पांढरा गोळा, बाजूला ब्रेड. हा गोळा लगेच ढवळू नये, अर्धा रस्सा तसाच प्यावा आणि मग उरलेल्यात तो मिसळावा, म्हणजे एका वाडग्यात दोन चवी मिळतात. वर चौकात भाजी-फळांचा बाजार भरतो आणि संध्याकाळी आवराआवरीच्या सुमारास विक्रेते ओरडून भाव पाडतात. कोथिंबिरीची जुडी घेण्याची हीच वेळ.

स्लुसेनजवळच्या ‘नीस्तेक्त स्त्रोमिंग’ या टपरीवर बाल्टिक समुद्रातले छोटे हेरिंग मासे राय या धान्याच्या पिठात घोळवून तळून देतात. रव्यात तळलेल्या मांदेलीवर वाढलेल्या माणसाला ते परके वाटणार नाहीत, फक्त तिखट-मिठाच्या बाबतीत स्वीडिश हात आखडता आहे. मात्र या माशांत डायॉक्सिन या विषारी द्रव्याचे प्रमाण अधिक असल्याने मुलांनी, गरोदर स्त्रियांनी आणि पुढे मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रियांनी ते वर्षातून दोन-तीनदाच खावेत, असा तेथील अन्न प्रशासनाचा सल्ला आहे.

पूर्ण शाकाहारी मंडळींनी सोदरमाल्म या शहरातील बेटावरील फ्येलगातान या रस्त्यावरचे ‘हेरमान्स’ गाठावे. टेकडीच्या कडेवर बसून खाली बंदर पाहत जेवायचे, असा हा बुफे आहे आणि तिथे सारेच वनस्पतिजन्य असल्याने प्रत्येक पातेल्यापुढे थांबून चौकशी करावी लागत नाही. गोडाधोडासाठी कुंग्सगातानवरील ‘वेते-कात्तेन’ हे 1928 पासूनचे दुकान आहे. नाताळनंतर तेथे सेमला मिळू लागतो; वेलदोड्याचा पाव, आत बदामाचा गोळा आणि वर साय. तो एकट्याने संपवण्याच्या फंदात पडू नये.

रोज बाहेर जेवणे अर्थातच परवडत नाही आणि स्वीडिश लोकही तसे करत नाहीत. कार्यालयाच्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हची रांगच मांडलेली असते आणि डबा आणण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. पोळी-भाजी खुशाल न्यावी; सुकट मात्र घरीच ठेवावी, कारण तिचा वास दुपारभर मजल्यावर रेंगाळतो.

पैसे देण्याबाबत एक सूचना. अनेक ठिकाणी रोख रक्कम घेतलीच जात नाही, आणि सर्वजण वापरतात त्या ‘स्विश’ या मोबाइलवरून पैसे देण्याच्या ॲपसाठी स्वीडिश बँकखाते लागते, जे उघडायला आठवडे लागू शकतात. तोवर परदेशात चालणारे भारतातले कार्ड जवळ असावे. टीप देण्याची सक्ती दुपारच्या जेवणाला नाही आणि नळाचे पाणी फुकट मिळते. तसेच, जुलैत रुजू होणार असाल तर पहिले काही आठवडे डब्याचीच तयारी ठेवावी, कारण त्या महिन्यात बरेचसे शहर सुट्टीवर असते आणि कार्यालयांच्या आसपासच्या अनेक खाणावळी दाराला सूचना चिकटवून ऑगस्टपर्यंत बंद राहतात.