साबणाचा रंग टिकेल का, आधी वाटीत बघा

कॉस्टिक सोडा घालून थंड पद्धतीने, म्हणजे न शिजवता, केलेल्या साबणात बिटाची गुलाबी पूड मातकट तपकिरी होते. खाण्याचे रंगही बदलतात नाहीतर उडतात. माझा अख्खा एक घाणा असाच गेला.

आता साधा साबण ओतायच्या आधी दोन-दोन चमचे मिश्रण कागदी कपांत काढते.

१. चिमूटभर रंग आधी थेंबभर तेलात घोटायचा, मग कपात ढवळायचा. कोरडा टाकला की ठिपके राहतात.
२. वडी सुटली की अर्धी फॉइलमध्ये गुंडाळून खिडकीत ठेवायची. सोलापूरचं ऊन, तीन आठवडे पुरे.
३. फॉइल काढून दोन्ही अर्ध्या शेजारी बघायच्या.

माझ्याकडे आयर्न ऑक्साइड, अल्ट्रामरीन निळा, कोळशाची पूड आणि नीळ (झाडाची, कपड्यांची नव्हे) जशीच्या तशी राहिली. हळद कॉस्टिक लागताच लालभडक होते, मग पिवळट होऊन उन्हात विटते. तरी मला ती आवडते, म्हणून ते साबण कपाटातच ठेवते.

चादरीच्या सुताचा किंवा रंगपंचमीचा रंग स्वस्त मिळतो म्हणून घालू नका. पाकिटावर कॉस्मेटिक ग्रेड लिहिलेलं हवं. आणि कप हाताळताना हातमोजे घाला, ताजं मिश्रण कातडी भाजतं.