फेडरल अनुदानातून खरेदी करताना पुरवठादाराची पात्रता-तपासणी : या चुका टाळा

अमेरिकेतील शहरे, काउंट्या आणि शाळा-जिल्हे फेडरल अनुदान खर्च करतात, तेव्हा त्यांच्या ‘सिंगल ऑडिट’मध्ये, म्हणजे फेडरल निधी खर्चणाऱ्या संस्थेच्या लेखापरीक्षणात, एक आक्षेप वर्षानुवर्षे दिसतो : पुरवठादार फेडरल निधीच्या व्यवहारांतून निलंबित किंवा प्रतिबंधित नाही याची खात्री कंत्राट देण्यापूर्वी केल्याचा पुरावा उपलब्ध नाही. अनेकदा लेखापरीक्षक नंतर स्वतः अशा अपात्रांची सरकारी यादी पाहतो आणि पुरवठादाराचे नाव तिच्यात नसते, तरीही आक्षेप कायम राहतो. कर्मचाऱ्यांना हे जाचक वाटते. परंतु नियमात दोन गोष्टी आहेत : अपात्र माणसाशी व्यवहार करू नका, आणि तो अपात्र नाही हे व्यवहारापूर्वी पडताळा. पहिली गोष्ट योगायोगाने पाळली गेली, म्हणून दुसरी पाळली असे होत नाही.

हा नियम फेडरल नियमसंहितेच्या शीर्षक २, भाग १८० मध्ये आहे. कलम १८०.३०० पडताळणीचे तीन मार्ग देते : ‘सॅम डॉट गव्ह’ या सरकारी संकेतस्थळावरील बहिष्कृतांची (निलंबित, प्रतिबंधित किंवा अन्यथा अपात्र ठरलेल्यांची) यादी पाहणे, पुरवठादाराकडून लेखी प्रमाणपत्र घेणे, किंवा कंत्राटातच तशी अट घालणे. यांपैकी कोणताही एक पुरेसा आहे. महाराष्ट्रातील निविदांबरोबर ‘आम्ही काळ्या यादीत नाही’ असे प्रतिज्ञापत्र घेण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना दुसरा मार्ग ओळखीचा वाटेल.

२०२१ च्या ‘अमेरिकन रेस्क्यू प्लॅन’ कायद्याने राज्ये आणि स्थानिक संस्थांकडे ३५० अब्ज डॉलर वळवले, तेव्हा सिंगल ऑडिटची सवय नसलेली कित्येक लहान गावे या नियमाच्या कक्षेत आली. सिंगल ऑडिटसाठी वार्षिक फेडरल खर्चाची मर्यादा ७,५०,००० डॉलर होती. १ ऑक्टोबर २०२४ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी ती १०,००,००० डॉलर झाली आहे. मर्यादेखालील गावाला हे लेखापरीक्षण लागत नसले, तरी पडताळणीतून सूट मिळत नाही.

रकमेच्या मर्यादांची गल्लत

माझ्या मते सर्वाधिक नुकसान या चुकीने होते. खरेदीची पद्धत ठरवणाऱ्या मर्यादा वेगळ्या आणि पात्रता-तपासणीची मर्यादा वेगळी. त्याच शीर्षकाच्या भाग २०० मधील कलम २००.३२० नुसार स्थानिक संस्था स्वतः प्रमाणित करून ‘मायक्रो-परचेस’ची मर्यादा ५०,००० डॉलरपर्यंत नेऊ शकते, म्हणजे तेवढ्या रकमेपर्यंत स्पर्धात्मक दरपत्रके न मागवता खरेदी करता येते. तेथून ‘छोटी खरेदी, कागद नकोत’ अशी समजूत पसरते आणि ४०,००० डॉलरचा जनित्रसंच तपासणीविना येतो. पुरवठादाराच्या पात्रतेची रेषा मात्र २५,००० डॉलरवर आहे आणि ती या प्रमाणनाने हलत नाही. व्यवहार तेवढ्या किंवा अधिक रकमेचा होईल अशी अपेक्षा असली, की नियम लागू होतो. म्हणून वर्षभराच्या दर-करारावर तीन-तीन हजारांची बिले येत असतील, तर एकेका बिलाकडे नव्हे, कराराच्या अपेक्षित एकूण रकमेकडे पाहावे. शिवाय दोन ठिकाणी २५,००० ची सवलत नाही : फेडरल नियमांनुसार आवश्यक असलेल्या लेखापरीक्षणाची सेवा, आणि दुसऱ्या संस्थेला दिलेले उप-अनुदान. गावाने एखाद्या सेवाभावी संस्थेला ८,००० डॉलर उप-अनुदान म्हणून दिले, तरी तिची पडताळणी करावी लागते.

तारीख न दिसणारा पुरावा

खरेदी अधिकाऱ्याने यादी पाहिली, नाव आढळले नाही, खिडकी बंद केली. नस्तीत काहीच उरले नाही. शोधाचे पान तारखेसह जतन करावे आणि ते खरेदी आदेशाला जोडावे. प्रमाणपत्र घेतले असेल, तर त्यावरील सहीची तारीख कंत्राटाच्या तारखेनंतरची नसावी. कंत्राटातील अटीवर भिस्त ठेवणाऱ्यांची अडचण वेगळी असते : जेथे कंत्राटच नसते आणि केवळ खरेदी आदेशावर ट्रक किंवा पंप येतो, तेथे ती अट कोठेच लिहिलेली नसते. अशा कार्यालयाने ती खरेदी आदेशाच्या छापील अटींत घालून घ्यावी.

शोध चुकीचा घेणे

‘सॅम’वर पुरवठादाराची नोंदणी सापडली, म्हणजे तो पात्र ठरला असे नाही, आणि नोंदणी सापडली नाही म्हणून तो अपात्रही ठरत नाही, साध्या पुरवठादाराला ही नोंदणी बंधनकारकच नाही. पाहायची असते ती बहिष्कारांची नोंद, आणि शोधताना तोच गाळणीचा पर्याय निवडावा लागतो. नाव कर-दस्तऐवजातील कायदेशीर नाव असावे. दुकानाच्या पाटीवरचे नाव शोधले तर ‘काही आढळले नाही’ हे उत्तर खरे असूनही निरुपयोगी असते. मालकाच्या नावानेही शोध घ्यावा, कारण बंदी व्यक्तीवर असू शकते.

नाव जुळलेच, तर घाबरून लगेच व्यवहार मोडू नये. नावे सारखी असतात. पत्ता आणि ओळख-क्रमांक ताडून पाहावेत, शंका राहिल्यास नोंद करणाऱ्या फेडरल संस्थेला विचारावे. नोंदीचा प्रकारही वाचावा, कारण काही निर्बंध सरसकट नसून विशिष्ट बाबींपुरते असतात.

दुसऱ्याच्या तपासणीवर विसंबणे

राज्याच्या दर-करारावरून किंवा सहकारी खरेदी संघामार्फत घेतले, म्हणजे सगळे तपासलेले असणार, हे गृहीतक पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. त्या संस्थेने कंत्राटात अट घातली असेल तर तिची प्रत मागून घ्यावी; नसेल तर दोन मिनिटांचा शोध स्वतः घ्यावा. फोन करून विचारपूस करण्यात याहून जास्त वेळ जातो.

चालू कंत्राटाचा पुरवठादार मध्येच बहिष्कृत झाला, तर कलम १८०.३१० नुसार चालू व्यवहार पुढे नेता येतो. मात्र फेडरल संस्थेने अपवाद मंजूर केल्याशिवाय त्याचे नूतनीकरण किंवा मुदतवाढ करता येत नाही. खर्च न वाढवता दिलेली केवळ वेळेची वाढ यातून वगळली आहे. म्हणून दर नूतनीकरणाच्या वेळी नव्याने तपासणी करणे शहाणपणाचे.

पुरवठादार निष्कलंक असूनही वस्तू निषिद्ध असू शकते, हे येथेच सांगायला हवे. कलम २००.२१६ नुसार हुवावे आणि झेडटीई यांची दूरसंचार उपकरणे अनुदानातून घेता येत नाहीत. हायटेरा, हिकव्हिजन आणि दाहुआ यांच्या उपकरणांवरही सार्वजनिक सुरक्षा, सरकारी इमारतींची राखण अशा कामांसाठी बंदी आहे. पोलिस ठाण्याच्या कॅमेऱ्यांची खरेदी नेमकी यात अडकते.

तपासणी राहून गेल्याचे नंतर लक्षात आले तर

आज शोध घ्या, आजचीच तारीख ठेवा, आणि तपासणी उशिरा झाल्याची टिपणी नस्तीत लिहा. मागची तारीख घातलेले प्रमाणपत्र साध्या त्रुटीला खोटेपणाचे रूप देते. पुरवठादार पात्र निघाला, तर आक्षेप सहसा अंतर्गत नियंत्रणापुरता राहतो; अपात्र निघाला, तर दिलेली रक्कमच प्रश्नांकित होऊ शकते आणि अनुदान देणाऱ्या संस्थेला लगेच कळवावे.

पुढच्यासाठी केलेला बदल मात्र योग्य जागी हवा. अनुदानाचे नियम वित्त विभागाला ठाऊक असतात आणि खरेदी रस्ते किंवा पाणीपुरवठा विभाग करतो. कर्मचाऱ्यांना आठवणीचे परिपत्रक पाठवून ही दरी बुजत नाही. निधीचा संकेतांक फेडरल असेल, तर शोधाचे पान जोडल्याशिवाय खरेदी आदेशाला क्रमांकच मिळू नये, अशी अडवणूक संगणक प्रणालीत करून घ्यावी. प्रणाली तशी नसेल, तर क्रमांक देणाऱ्या कारकुनाला आदेश परत पाठवण्याचा लेखी अधिकार द्यावा.