२०१२ आणि २०१८ चे आकडे शेजारी ठेवण्याआधी

एमए किंवा पीएचडीच्या प्रबंधासाठी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा, म्हणजे एनएसएसचा, घरांचा डेटा घेऊन बसलेल्या मंडळींसाठी हे लिहितेय. युनिट लेव्हल डेटा, म्हणजे कुटुंबागणिक नोंदी, उतरवणं आणि कोणत्या रकान्यात काय आहे ते सांगणारी लेआउट फाइल वाचणं तुम्हाला येतं असं धरून चालते. मल्टिप्लायरचंही, म्हणजे नमुन्यातलं एक कुटुंब एकूण किती कुटुंबांच्या जागी मोजायचं त्या वजनाचंही, फार सांगत नाही. एकत्रित अंदाज काढताना डेटा फाइलमधले ‘एनएसएस’ आणि ‘एनएससी’ नावाचे दोन रकाने (इथे एनएसएस हे रकान्याचं नाव, सर्वेक्षणाचं नाही) सारखे असले तर मल्टिप्लायरला शंभराने भागायचं, नसले तर दोनशेने. इथे गडबड झाली तर कुटुंबांची एकूण संख्याच भलती येते आणि ती लगेच सापडते. मला भीती आहे ती न सापडणाऱ्या गोष्टींची.

एनएसएसची प्रत्येक फेरी म्हणजे एक राउंड. पिण्याचं पाणी, स्वच्छता आणि घरांची स्थिती यांवरचा ६९ वा राउंड जुलै ते डिसेंबर २०१२ चा आणि ७६ वा जुलै ते डिसेंबर २०१८ चा. महिने तेच, विषय तोच. २०१२ मध्ये ग्रामीण भागातल्या ५९.४ टक्के कुटुंबांकडे शौचालय नव्हतं. २०१८ मध्ये ७१.३ टक्के कुटुंबांना शौचालय उपलब्ध होतं, म्हणजे २८.७ टक्क्यांना नव्हतं. वजाबाकी सोपी आहे आणि तिच्यावर एक प्रकरण सहज उभं राहतं. माझं घोडं नेमकं इथेच अडलं होतं, आणि ते पुढे सरकायला फार वेळ गेला. म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

७६ व्या राउंडचं शेड्यूल १.२, म्हणजे त्याची प्रश्नावली, उघडा आणि प्रश्न कोणत्या क्रमाने येतात ते बघा. कुटुंबाला सरकारी योजनांचा लाभ मिळाला का, हे आधी विचारलंय. शौचालय आहे का, हे त्यानंतर. आता ओसरीवर बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. हातात कागद घेऊन सरकारी माणूस आलाय. त्याने पहिल्यांदा योजनेची चौकशी केली. उत्तर देणाऱ्याच्या मनात लगेच येतं की ही यादी करायला आलेत, ‘आहे’ म्हटलं तर नाव कटेल, ‘नाही’ म्हटलं तर कदाचित काही पदरात पडेल. त्यानंतर शौचालयाचा प्रश्न आला की त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. तो माणूस खोटारडा नाही. प्रश्नांच्या क्रमाने त्याला जे सुचवलं त्याला धरून तो बोलतोय. असाच प्रश्न घराच्या माहितीच्या ओघात, योजनेचा विषय निघण्याआधी आला असता तर त्याने मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं असतं.

हा माझा तर्क नाही. या क्रमामुळे उत्तरं एका बाजूला झुकलेली असू शकतात, असं ७६ व्या राउंडच्या अहवालातच नमूद केलंय. तरी मी वाचलेल्या कितीतरी प्रबंधांत तक्ता आहे आणि हा खुलासा नाही. त्याच सुमाराच्या, २०१८-१९ च्या ग्रामीण स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात शौचालयाची उपलब्धता ९३ टक्क्यांच्या पुढे होती. एक खरं आणि दुसरं खोटं असा निकाल देऊ नका. दोन्हींचा नमुना वेगळा, विचारणारी यंत्रणा वेगळी, विचारण्याची पद्धत वेगळी. दोघांमधलं नेमकं किती अंतर निव्वळ प्रश्नांच्या क्रमामुळे पडलं, हे डेटातून काढता येत नाही. कुणी काढून दाखवत असेल तर विश्वास ठेवू नका.

मग करायचं काय? भिंत, छप्पर, जमीन हे अन्वेषकाला, म्हणजे घरोघर माहिती घेणाऱ्याला, डोळ्यांनी दिसतं. तिथे योजनेच्या आशेचा परिणाम कमी. पक्क्या घरांचं प्रमाण ग्रामीण भागात ६५.८ वरून ७६.७ टक्क्यांवर गेलं, या तुलनेवर मी जास्त विसंबते. मात्र ‘पक्कं’ कशाला म्हटलंय ते सूचना पुस्तिकेत वाचल्याशिवाय तिलाही हात लावू नका. पक्क्या साहित्याच्या यादीत सिमेंट आणि भाजलेल्या विटांच्या जोडीला लोखंडी व जस्ती पत्राही आहे. मुंबईतल्या वस्तीत चारी बाजूंनी पत्रा आणि वरही पत्रा अशी दहा बाय दहाची खोली, जिच्यात मे महिन्यात दुपारी बसवत नाही, ती या व्याख्येत पक्कंच घर ठरते. शहरी भागाचा ९६ टक्क्यांचा आकडा वाचताना ही खोली डोळ्यासमोर ठेवा.

आणखी एक, थोडक्यात. २०१२ चा ग्रामीण नमुना २००१ च्या जनगणनेतल्या गावांच्या यादीतून काढला होता, २०१८ चा २०११ च्या यादीतून. त्या दहा वर्षांत जनगणना शहरांची, म्हणजे नगरपालिका नसली तरी जनगणनेत शहर धरलेल्या गावांची, संख्या १,३६२ वरून ३,९०० च्या घरात गेली. तेव्हा ग्रामीण भागात मोजलेली, बरी घरं असलेली कित्येक मोठी गावं आता शहरी भागात आहेत. ग्रामीण आणि शहरी असे वेगळे तक्ते करताना हे सांगावंच लागतं.

ग्रुपवर फिरणाऱ्या तयार डू-फाइली, म्हणजे स्टाटा या सॉफ्टवेअरसाठी लिहिलेल्या आज्ञांच्या फाइली, वापरू नका, हे माझं ठाम मत आहे. त्या एका राउंडच्या कोडांवर, म्हणजे उत्तरांना दिलेल्या आकड्यांवर, लिहिलेल्या असतात. पुढच्या राउंडमध्ये कोड सरकला तरी प्रोग्राम बिनतक्रार चालतो, आणि सार्वजनिक शौचालयवाले स्वतःच्या शौचालयवाल्यांत जाऊन बसतात. मार्गदर्शकांबद्दलही स्पष्टच बोलते. शेड्यूल न उघडता ‘तक्ता टाक, पुढे बघू’ म्हणणारे गाईड भेटतील. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. एखादे निवृत्त अन्वेषक गाठा आणि त्यांच्यासमोर शेड्यूल ठेवा. कोणत्या प्रश्नाला लोक अडखळतात, कुठे शेजारी मध्ये बोलतात, हे ते पानागणिक सांगतात. मला त्यांच्याकडून मिळालं ते कुठल्याही कार्यशाळेत मिळालं नाही.

हे सगळं वाचून विषय बदलायचा विचार आला असेल तर थांबा. डेटा चांगला आहे. ७६ व्या राउंडमध्ये १,०६,८३८ कुटुंबं आहेत आणि एवढ्या तपशिलाने घरं मोजणारं काम देशात फारसं नाही. दोन्ही शेड्यूलं छापून घ्या, शेजारी ठेवा आणि प्रत्येक प्रश्नासमोर तीन गोष्टी लिहा: शब्द तेच आहेत का, कोड तेच आहेत का, आधी काय विचारलंय. तिन्ही जुळतात ते प्रश्न मुख्य तक्त्यात घ्या. बाकीचे वेगळ्या प्रकरणात, कारणासह. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, पहिला प्रश्न यावरच येईल, आणि ते छापलेले कागद बरोबर न्या.