कथा-कवितांच्या पुस्तकातला हरवलेला ‘ऱ्य’ : माझा अनुभव

कथा आणि कवितांचा संग्रह मी स्वखर्चाने काढला, तेव्हा म्हापशातील मुद्रणालयाकडून आलेल्या पहिल्याच प्रुफात ‘वाऱ्यावर’ हा शब्द ‘वार्यावर’ आणि ‘कुऱ्हाड’ हा शब्द ‘कुर्हाड’ असा उमटला होता. पेडण्याच्या समुद्रकाठावरच्या कवितांत वारा आणि किनारा ओळीओळीला येत असल्याने हा दोष सोडून देणे शक्यच नव्हते.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, आणताना ‘वाऱ्यावर’मधला असा अर्धा र पुष्कळदा ‘र’, हलन्त (पाय मोडल्याचे चिन्ह) आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी लिहिला जातो. पानाची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते चिन्ह गळाले, की र रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. खात्रीचा उपाय म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरणे, कारण त्यापुढे हलन्त दिले की अदृश्य चिन्हावाचूनही योग्य आकार मिळतो.

मात्र ‘र्य’ सरसकट बदलू नये, कारण सूर्य, धैर्य, आश्चर्य यांतला रफार बरोबरच आहे. म्हणून ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधून मी प्रत्येक जागा स्वतः डोळ्यांखालून घातली. हे काम कंटाळवाणे असले, तरी कवितेच्या पुस्तकात ते दुसऱ्यावर सोपवू नये, असे माझे ठाम मत आहे. शेवटी फॉन्ट अंतर्भूत केलेली (म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच सामावलेला असलेली) पीडीएफ मुद्रणालयाला दिली आणि कवितांची पाने कागदावर छापून पाहिल्यावरच छपाईला संमती दिली.