इंग्रजीतील ‘इन’ हा उपसर्ग कसा ओळखावा

इंग्रजी शब्दाच्या आरंभी ‘इन’ दिसला की आपण तो नकारार्थी धरून चालतो. ‘इनकरेक्ट’सारख्या शब्दांत हे बरोबर ठरते, परंतु लॅटिनमधून इंग्रजीत आलेले ‘इन’ दोन आहेत. एक नकाराचा, जो आपल्या ‘अ’ आणि ‘अन्’ यांच्याच कुळातला आहे. दुसरा ‘आत’ किंवा ‘वर’ या अर्थाचा.

प्रथम उपसर्गाची बदललेली रूपे ओळखावीत. ‘इनपॉसिबल’ असे सावकाश म्हणून पाहावे. ‘प’साठी ओठ मिटू लागताच ‘न’चा ‘म’ होतो आणि ‘इम्पॉसिबल’ तयार होतो. ‘संत’ आणि ‘संपूर्ण’ यांतील अनुस्वार आपण असाच वेगवेगळा उच्चारतो. ‘ल’पूर्वी ‘इल’ (इललीगल) आणि ‘र’पूर्वी ‘इर’ (इररेग्युलर) होतो. ‘उत्’ आणि ‘लेख’ मिळून ‘उल्लेख’ होतो, तसाच हा प्रकार आहे.

त्यानंतर शब्दाची जात पाहावी. विशेषण असेल तर ‘इन’ बहुधा नकाराचा असतो आणि क्रियापद असेल तर बहुधा ‘आत’चा, म्हणूनच ‘इम्पोर्ट’ म्हणजे आत आणणे. मात्र विशेषणाच्या मुळाशी ‘इन’ने सुरू होणारे क्रियापद आहे का, हे तपासल्याशिवाय निर्णय करू नये, कारण खरी फसगत इथेच होते. ‘इनहॅबिट’ म्हणजे वस्ती करणे, त्यामुळे ‘इनहॅबिटेबल’ म्हणजे राहण्याजोगे. राहण्यास अयोग्य जागेला ‘अनइनहॅबिटेबल’ म्हणतात.

उपसर्ग काढल्यावर उरलेला भाग इंग्रजीत ओळखीचा वाटत नसेल, तर व्युत्पत्तिकोश उघडावा. तिथे फार सुंदर गोष्टी सापडतात. ‘इन्फंट’ म्हणजे मुळात ‘न बोलणारा’, तर ‘इन्सेक्ट’ म्हणजे ‘आत कापलेला’, कारण कीटकाच्या शरीरावर खाचा पाडल्यासारखे भाग दिसतात. पहिल्यात नकार आहे, दुसऱ्यात ‘आत’.

‘इनफ्लेमेबल’ या शब्दाबाबत मात्र विशेष दक्षता घ्यावी. तो ‘पेटवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला असून त्याचा अर्थ ‘सहज पेट घेणारे’ असा आहे, पण वाचणाऱ्याला तो नेमका उलट वाटू शकतो आणि ज्वालाग्राही पदार्थाच्या पिंपावर ही चूक जिवावर बेतू शकते. म्हणून इशारा लिहिताना ‘फ्लेमेबल’ हाच शब्द वापरावा आणि न पेटणाऱ्या पदार्थासाठी ‘नॉनफ्लेमेबल’ लिहावे.