सोसायटीच्या आवारात परागवाहकांची वस्ती कशी वसवावी आणि कशी टिकवावी

पावसाळा तोंडावर आला की ‘फुलपाखरांसाठी खास’ अशी बियांची पाकिटे पुण्यात घरोघरी येऊ लागतात. सप्टेंबरात फुले येतात, फुलपाखरे दिसतात, फोटो काढून होतात आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत वाफ्यात वाळक्या काड्यांखेरीज काही उरत नाही. फुले लावली की परागवाहक, म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलापर्यंत नेणारे कीटक, चरायला येतात हे खरे. पण ते तेथेच वाढतात की नाही हे दुसऱ्याच गोष्टींवर ठरते, आणि त्या गोष्टी पाकिटावर छापलेल्या नसतात. वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात, आणि पुढे आठ महिने कोरडे, अशा आपल्या हवेत जे टिकते तेवढेच येथे सांगतो.

१. जागा

पाच-सहा तास ऊन लागणारा दहा बाय दहा फुटांचा कोपरा पुरतो. लॉन असेल तर तेवढा भाग उचलावा, मेमध्ये माती तयार करावी आणि पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लागवड करावी.

२. झाडांची निवड

दुर्मीळ झाडापासून सुरुवात करू नये. परिसंस्थांचे अभ्यासक जॉर्डी बास्कोम्प्टे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ठिकठिकाणच्या वनस्पती-परागवाहक जाळ्यांची, म्हणजे कोणत्या फुलावर कोणता कीटक जातो या संबंधांची, तुलना करून दाखवले की, मोजक्याच फुलांवर जाणारे कीटक बहुधा सर्वांना खुल्या असलेल्या फुलांवरच अवलंबून असतात, आणि मोजकेच पाहुणे येणाऱ्या फुलांकडेही सहसा सर्वत्र फिरणारे कीटकच येतात. म्हणून आधी सर्वांना चालणारी झाडे लावावीत: तुळस, सब्जा, कढीपत्ता, कुंती आणि जागा असल्यास शेवगा. त्यांच्यावर फुलोरी माश्या (लहान आकाराच्या मधमाश्या), फुलांपुढे हवेत स्थिर राहणाऱ्या पट्टेदार माश्या आणि लहान फुलपाखरे लवकर येतात. हा पाया बसल्यानंतरच निवडक पाहुण्यांची झाडे लावावीत. तरवड हे त्यांतले माझे आवडते झाड. त्याच्या परागकोशाला टोकाशी केवळ छिद्र असते. सुतार भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी फूल पकडून अंग थरथरवते तेव्हाच पराग बाहेर उडतात. मधाच्या माश्यांना ही कला येत नाही. वांगी आणि टोमॅटोच्या फुलांनाही अशीच थरथर मानवते, त्यामुळे गच्चीवर भाजी लावणाऱ्यांनी तरवडाचे आभार मानावेत.

फुलोऱ्यात खंड पडता कामा नये. पावसाळ्यात तेरडा, तीळ आणि आपोआप उगवणारा टाकळा, दिवाळीच्या सुमारास कोरांटी, थंडीत अडुळसा, त्यानंतर शेवगा. एप्रिल-मेमध्ये वाफ्यापेक्षा झाडांवर भिस्त असते, म्हणून गल्लीत करंज किंवा बहावा आहे का ते आधी पाहावे. नसल्यास निदान एक करंज लावावा. अगदी लहान माश्या काही शे मीटरपलीकडे फारशा जात नाहीत, त्यामुळे टेकडीवर सगळे फुललेले आहे हा युक्तिवाद त्यांच्या कामाचा नाही.

बोगनवेल, कण्हेर आणि भरगच्च पाकळ्यांचा संकरित झेंडू शोभेसाठी ठेवायचा तर ठेवावा, या हिशेबात धरू नये. केशरी कॉसमॉस मात्र लावूच नये. तो टेकड्यांवर आधीच मोकाट सुटला आहे.

फुलपाखरे वाढायला हवी असतील तर अळ्यांचे अन्नही लावावे लागते. लिंबू, कढीपत्ता, रुई, टाकळा आणि पानफुटी एवढ्यांवर पुष्कळ भागते. पानफुटीच्या जाड पानावर फिकट, पोकळ चट्टे दिसले की रोग समजून पान तोडले जाते. तसे पान उजेडात धरून पाहावे: पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये एका छोट्या फुलपाखराची अळी गर खात पुढे सरकताना दिसेल.

३. घरट्यांची जागा

बहुतेक प्रयत्न येथे फसतात आणि मलाही याच टप्प्याने सर्वाधिक काळ दाद दिली नाही. जगात मधमाश्या आणि त्यांच्या भाईबंद माश्या मिळून सुमारे २०,००० जाती आहेत. त्यांतील बहुतेक जाती पोळे बांधत नाहीत. एकेकटी मादी आपले घरटे करते, आणि अशा बहुसंख्य माद्या ते जमिनीत करतात. आता आपल्या सोसायट्या पाहा. जेथे पेव्हर ब्लॉक नाहीत तेथे लॉन, लॉन नाही तेथे कोकोपीट, आणि उरलेली माती माळीकाका दर आठवड्याला खुरपतात. फुलांवर पराग गोळा करणाऱ्या माशीला तो न्यायला ठिकाणच नसेल, तर पुढच्या वर्षी तेथे माशी येणार कोठून?

उपाय साधा आहे, पण लोकांच्या गळी उतरवणे अवघड. कोपऱ्यातील सर्वांत उन्हाची, किमान एक मीटर लांब-रुंद जागा उघडी ठेवावी. काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हात भेगाळते, म्हणून तिच्यात मुरूम मिसळावा, जागा फूटभर उंच आणि किंचित उतरती करावी, हलकेच चोपावी आणि त्यानंतर तिला हात लावू नये. पाणी नाही, खत नाही, पालापाचोळ्याचे आच्छादन नाही, झाडू नाही. आच्छादन उत्तम असते हा सल्ला भाजीच्या वाफ्यासाठी योग्य आहे. येथे तो घरट्याचे दार बंद करतो.

वस्ती झाली की नाही हे सकाळी ऊन चढण्याआधी बसून पाहावे. पेन्सिलीपेक्षा बारीक गोल छिद्र आणि त्याभोवती ताज्या मातीच्या कणांचे कडे दिसले, तर ते मुंग्यांचे असेल असे पटकन ठरवू नये. मुंग्यांच्या बिळाशी ये-जा अखंड असते. येथे बराच वेळ काहीच घडत नाही, मग पायांना पिवळा पराग माखलेली एक माशी येते, छिद्रासमोर क्षणभर डोलते आणि आत शिरते. एका सोसायटीत अशी छिद्रे भरपूर असलेली पट्टी दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत ‘उजाड दिसते’ म्हणून एका दुपारीत पेव्हरखाली गेली. तेव्हापासून मी आधी कमिटीची लेखी संमती घेतो, ‘येथे खुरपू नये’ अशी पाटी लावतो आणि माळीकाकांना स्वतः माशी दाखवतो. पाटीपेक्षा माशी दाखवण्याचा उपयोग अधिक होतो.

उरलेल्यांपैकी अनेक जाती काड्यांत आणि लाकडात राहतात. छाटणी करताना मऊ गराच्या काड्यांचे फूट-दीड फुटाचे खुंट सोडावेत. वठलेला ओंडका जाळायला न देता उन्हात उभा पुरावा. सुतार भुंगे त्यात बोगदे करतात. ते आवाजाने घाबरवतात, पण नराला नांगी नसते आणि मादीही हातात धरल्याखेरीज सहसा डंख करीत नाही. गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानांच्या कडेला कंपासाने आखल्यासारखे गोल काप दिसले, तर औषध मारू नये. पानकापी माशी ते तुकडे खात नाही, घरट्याच्या खोल्यांना अस्तर म्हणून नेते.

ऑनलाइन मिळणाऱ्या देखण्या ‘कीटक-हॉटेलां’विषयी माझे मत वाईट आहे. त्यांत पाइनची फळे आणि भुसा भरलेला असतो, नळ्या आखूड असतात आणि पहिल्याच पावसात आत बुरशी धरते. त्याऐवजी ३ ते १० मिलिमीटर भोकाचे, साधारण १५ सेंटिमीटर लांबीचे बांबूचे तुकडे घ्यावेत. मागचे टोक पेराने बंद आणि पुढचे तोंड घासून गुळगुळीत असावे. जुडी छज्जाखाली, पूर्वेकडे तोंड करून, हलणार नाही अशी घट्ट बांधावी. वापरून रिकामे झालेले तुकडे बदलावेत, नाही तर परजीवी आणि बुरशी त्यांत ठाण मांडतात.

मधपेटी आणू नये. मधुमक्षिकापालन शिकायचे असेल तर गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तेथे जावे. पण लहानशा कोपऱ्यात हजारो माश्यांची पेटी ठेवली, तर तोच मकरंद आणि तोच पराग एकेकट्या माश्यांच्या वाट्याला कमी येतो. झुडपात तळहाताएवढे फुलोरी माशीचे पोळे आपणहून लागले तर राहू द्यावे. आग्या मोहोळ लागले तर स्वतः जवळ जाऊ नये आणि जाळूही देऊ नये. या माश्या ऋतूनुसार स्थलांतर करतात.

४. औषधे

फवारणी बंद. नर्सरीतून रोप घेताना त्याला इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक दिले आहे का ते विचारावे, कारण ते झाडात भिनते आणि पराग-मकरंदातही उतरते. उत्तर मिळाले नाही तर बी पेरावे. डासांच्या धुराची फेरी या कोपऱ्यापासून दूर ठेवण्याविषयी कमिटीशी आधीच बोलून घ्यावे.

५. कुंपणापलीकडे

एक कोपरा एकटा फार काळ तग धरत नाही, आणि याचे उदाहरण उंबर आहे. उंबराचे परागण करणारी बारीक गांधीलमाशी त्याच्या फळातच जन्मते, बाहेर पडल्यावर जेमतेम एक-दोन दिवस जगते आणि तेवढ्यात तिला योग्य अवस्थेतील फळे असलेला दुसरा उंबर गाठावा लागतो. एका झाडाची फळे साधारण एकाच वेळी तयार होतात, म्हणून ही जोडी टिकायला परिसरात निरनिराळ्या वेळी फळणारे अनेक उंबर लागतात. तुमच्या भिंतीतला उंबर ठेवता येत नसेल तर निदान रस्त्यावरचा तोडू देऊ नका, आणि शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांना तरवडाचे बी द्या.

६. नोंद

एक चौरस मीटर फुले निवडावीत, दहा मिनिटे बसावे आणि कोणत्या फुलावर कोण आले ते वहीत लिहावे. नाव येत नसेल तर ‘छोटी काळी माशी’ एवढेही चालते. महिन्यातून दोनदा पुरे. त्याच फुलावर ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत निरनिराळे कीटक आढळले तर बिघाड समजू नये. ही जाळी ऋतूगणिक नव्याने विणली जातात. दुसऱ्या पावसाळ्यापूर्वी वही चाळावी. ज्या महिन्यांची पाने रिकामी राहिली, त्या महिन्यांत फुलणारे झाड लावावे, आणि वर्षभर ज्याच्याकडे कोणी फिरकले नाही ते काढून ती जागाही उघड्या मातीला द्यावी.